आत्याच्या कुड्यांमधला लाल खडा

मोती उजळतील म्हणून आत्याच्या कुड्या मी तासभर कोमट साबणपाण्यात ठेवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मधला लाल खडा काळपट! खडा काचेचा, पाठीला चंदेरी पन्नी. पाणी आत शिरलं आणि पन्नी काळवंडली. आत्या काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

तेव्हापासून गिरगावातल्या बायका नथ-ठुशी दुरुस्तीला घेऊन आल्या की मी आधी खडा पारखते, मगच ब्रशला हात लावते.

पहिल्यांदा दागिना उलटा करा. कोंदण मागून बंद असेल तर आत पन्नी आहे असंच धरून चाला. मग दागिना थोडा वेळ पंख्याखाली ठेवा आणि नुसता खडा ओठाला टेकवा, धातू लागू देऊ नका. काच पटकन कोमट होते, माणिक गार लागत राहतं. त्यानंतर दहापट भिंग. पैलूंच्या कडा बघा. कठीणपणाच्या मोहस मापावर (१ ते १०) काच साधारण साडेपाच, माणिक ९, म्हणून वापरलेल्या काचेच्या कडा गोलसर झिजलेल्या असतात, चोखलेल्या खडीसाखरेसारख्या. आत गोल बुडबुडे दिसले तर काचेचा संशय धरा, पण निकाल देऊ नका. कारखान्यात बनवलेल्या माणकातही बुडबुडे असतात. पैशांचा मामला असेल तर सरळ प्रयोगशाळेत न्या.

भुलेश्वरात याला ‘इमिटेशन’ म्हणतात, घरात ‘खोटा खडा’. मी ‘काचेचा खडा’च म्हणते, कारण ‘खोट्या’त एडी, म्हणजे अमेरिकन डायमंडही येतो आणि एडी काच नव्हेच, तो झिर्कोनिया नावाचा वेगळाच पदार्थ. इंग्रजीत काचेच्या खड्याला ‘पेस्ट’. भाचीने विचारलं, टूथपेस्टसारखं? फार चुकली नाही ती: काचेचा कच्चा माल ओला कालवत, त्यावरून ते नाव पडलं म्हणतात. फ्रेंचमध्ये ‘स्ट्रास’. पॅरिसचा जवाहिऱ्या जॉर्ज फ्रेडरिक स्ट्रास (१७०१–१७७३) शिसं घातलेल्या काचेचे असे खडे करी की त्याचं आडनावच खड्याला चिकटलं. काचेच्या खड्याचंच आणखी एक नाव ‘ऱ्हाइनस्टोन’, त्याची तर गंमतच आहे, ते मुळात ऱ्हाइन नदीतल्या खऱ्या स्फटिकांचं नाव!

आता सफाई. पाणी नाही, अत्तर नाही. आधी मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका आणि मगच फडकं फिरवा, कारण धुळीतली वाळू काचेपेक्षा कठीण, ती चरे पाडते. पावसाळ्यात डबीत सिलिकाची पुडी ठेवा, नव्या पर्समध्ये मिळते तीच. पन्नी काळी पडलीच तर खडा काढून नवी बसवता येते. आत्याच्या कुड्यांना मी तसंच केलं, फक्त लाल रंग आता थोडा जास्तच भडक दिसतो.