काँगोला निघालात? विमानतळावरच अडकवणाऱ्या या चुका टाळा

जनरेटर, कॉम्प्रेसर, बाटल्या भरायची मशिनं बसवायला आमच्या कंपनीतून माणसं काँगोला जात असतात. त्यांची कागदपत्रं जमवून देणं हे माझं काम. व्हिसाचा शिक्का पासपोर्टवर बसला की लोकांना वाटतं गंगेत घोडं न्हालं. प्रत्यक्षात पहिली परीक्षा किन्शासात नसतेच, ती मुंबईच्या चेक-इन काउंटरवर असते. प्रवासी किन्शासातून परत पाठवला गेला तर खर्च एअरलाइनच्या गळ्यात पडतो, म्हणून काउंटरवरची मुलगी सगळे कागद डोळ्यांत तेल घालून बघते. तिला तुमचा साहेब कोण आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं.

तर त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा निस्तरून कंटाळल्यामुळे हे लिहितेय.

आधी ठरवा, कुठला काँगो

काँगो नावाचे देश दोन आहेत. एक डेमोक्रॅटिक रिपब्लिक ऑफ काँगो, म्हणजे पूर्वीचं झैरे, राजधानी किन्शासा. दुसरा नुसता रिपब्लिक ऑफ काँगो, राजधानी ब्राझाव्हिल. दोन्ही राजधान्या काँगो नदीच्या दोन काठांवर समोरासमोर आहेत. पहिल्यावर बेल्जियमचं राज्य होतं, दुसऱ्यावर फ्रान्सचं, आणि दोघेही १९६० साली स्वतंत्र झाले. दूतावास वेगळे, व्हिसा वेगळा, सगळंच वेगळं.

हे सगळं मी नवीन आलेल्या प्रत्येकाला सांगते. तरीही आमच्या सेल्समधल्या एका मुलाने एकदा फर्मान सोडलं, "मॅडम, क्लायंट काँगोचा आहे, इंजिनीअरचं किन्शासाचं तिकीट काढून टाकलंय, तुम्ही फक्त व्हिसाचं बघा." क्लायंटच्या मेलमध्ये साइटचं गाव पॉइंट-न्वार असं स्वच्छ लिहिलेलं होतं. खाली आणखी एक ओळ होती, इंजिनीअरला थेट 'पीएनआर'ला पाठवा. आता पीएनआर हा पॉइंट-न्वारच्या विमानतळाचा कोड आहे. आमच्या बहाद्दराला वाटलं, क्लायंट तिकिटाचा पीएनआर नंबर मागतोय. त्याने किन्शासाच्या तिकिटाचा नंबर पाठवूनही दिला, वर 'प्लीज फाइंड' वगैरे. क्लायंटला त्या सहा अक्षरांचा काय बोध झाला असेल देव जाणे.

पॉइंट-न्वार हे दुसऱ्या काँगोचं बंदर आहे. मी त्याला बोलावून नकाशा दाखवला तर म्हणतो, "जवळच दिसतंय की मॅडम, किन्शासाहून टॅक्सी करून जाईल." त्या टॅक्सीला आधी काँगो नदी ओलांडावी लागली असती, आणि तिथे पूल नाही. पलीकडे दुसऱ्या देशाचा व्हिसा, आणि मग ब्राझाव्हिलहून समुद्रापर्यंत पाचशे किलोमीटरच्या वर रस्ता. तिकीट दंड भरून रद्द झालं, व्हिसाचा अर्ज चुकीच्या दूतावासाच्या नमुन्यात भरला होता तो कचऱ्यात गेला, आणि इंजिनीअर पोचेपर्यंत मशिन खोक्यातच बसून राहिलं. क्लायंटने त्या काळात पाठवलेले मेल मी इथे देत नाही.

माझी सवय सांगते. आमंत्रणपत्र हातात आलं की मजकूर नंतर वाचते, आधी लेटरहेडचा तळ बघते. फोन नंबर २४३ ने सुरू होत असेल तर किन्शासावाला काँगो, २४२ ने होत असेल तर ब्राझाव्हिलवाला. वेबसाइटच्या शेवटी डॉट सीडी असेल तर पहिला, डॉट सीजी असेल तर दुसरा. गावावरूनही कळतं. लुबुंबाशी, कोल्वेझी, मटाडी, गोमा ही सगळी पहिल्यातली. नंबर, वेबसाइट, गाव यांचा मेळ बसल्याशिवाय मी तिकिटाच्या चौकशीचा मेलसुद्धा टाकत नाही, मग कोणी कितीही घाई करो.

याच चुकीचं धाकटं भावंडही आहे. माणूस सिंगल एंट्री व्हिसावर किन्शासात असतो, रविवारी सुट्टी असते, आणि समोर ब्राझाव्हिल दिसतंय म्हणून बोटीने चक्कर मारून यायची हुक्की येते. तिकडचा व्हिसा काढलात तरी परत येताना तुमची एंट्री वापरून झालेली असते. नदी काठावरून बघा, पुरे. आणि फोटो काढू नका. नदी, विमानतळ, सरकारी इमारती, गणवेशातली माणसं, यांच्याकडे मोबाइल रोखलात की भानगड आलीच.

पुढचं सगळं किन्शासावाल्या काँगोबद्दल आहे.

पिवळं कार्ड: दहा दिवस म्हणजे दहा दिवस

पीतज्वराची, म्हणजे यलो फीव्हरची लस आणि तिचं पिवळं कार्ड याशिवाय या देशात प्रवेश नाही. हे सगळ्यांना माहीत असतं. माहीत नसतं ते एवढंच, की कार्ड लस घेतल्या दिवसापासून चालत नाही. लसीनंतर दहा दिवसांनी ते ग्राह्य होतं.

एका सेल्स मॅनेजरांनी गुरुवारी लस घेतली आणि पुढच्या मंगळवारचं विमान धरलं. मी तारीख पुढे ढकला म्हणून सांगितलं. "लस घेतलीय ना? मग झालं. तिथे कोण दिवस मोजत बसतंय?" पुढचा सल्ला त्यांच्या ओळखीच्या एजंटाचा. मागची तारीख टाकून दुसरं कार्ड आणून देतो म्हणाला. या जातीच्या एजंटांबद्दल माझं मत छापण्यासारखं नाही. कार्डावर लसीचा बॅच नंबर असतो, केंद्राचा शिक्का असतो, डॉक्टरची सही असते, आणि खोटं कार्ड दाखवणं हा गुन्हा आहे. पकडला जातो तो प्रवासी, एजंटाचा फोन तेव्हा स्विच ऑफ असतो. साहेबांनी खोटं कार्ड घेतलं नाही, एवढं शहाणपण दाखवलं. पण खरं कार्ड घेऊन ठरलेल्या दिवशीच गेले. काउंटरवरच्या मुलीने टेबलावरचं कॅलेंडर पुढे ओढलं, पेनाच्या टोकाने एकेक चौकोन मोजला आणि बोर्डिंग पास द्यायला नकार दिला. पहाटे साहेब बॅगांसकट एक्स्प्रेसवेवरून पुण्याला परत.

समजा, तिने मोजलं नसतं, तरी किन्शासाच्या न्जिली विमानतळावर आरोग्य खात्याचं टेबल इमिग्रेशनच्या आधी असतं. आणि तिथूनही सुटलात तर परतताना आपलंच सरकार पकडतं. पीतज्वराच्या देशातून वैध कार्डाशिवाय भारतात उतरलेल्या माणसाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. दिवाळीला घरी यायचं म्हणून निघालेला माणूस विमानतळाच्या आवारातच फराळ खाईल.

"उद्या जाऊन लस घेऊन येतो" हेही होत नाही. ही लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळाली तरी उपयोग नाही, सरकारने ठरवून दिलेल्या केंद्राचाच शिक्का चालतो. मुंबईत एअरपोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशन आणि पोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशन आहेत, गोव्यात मुरगाव बंदराचं आरोग्य कार्यालय आहे. एका कुपीत अनेकांचे डोस असतात आणि कुपी एकदा कालवली की सहा तासांत संपवावी लागते, म्हणून केंद्रं ठरावीक वारीच आणि आधी नाव नोंदवलेल्यांनाच लस देतात. अपॉइंटमेंट मिळायला लागणारे दिवस अधिक ते दहा दिवस, असा हिशेब धरा. मी तर नवीन इंजिनीअर नोकरीला लागला आणि परदेशी कामाचा आहे असं कळलं, की पहिल्याच महिन्यात त्याला लसीला पाठवते. तिकीट येवो न येवो. एकदा घेतली की जन्मभराचं काम. जुलै २०१६ पासून हे कार्ड आयुष्यभर चालतं, जुनी कार्डंसुद्धा. दहा वर्षं झाली म्हणून परत टोचून घेऊ नका.

कार्डावर पासपोर्ट नंबर असतो. मध्यंतरी पासपोर्ट नवा झाला असेल तर जुना पासपोर्टही बरोबर ठेवा, नाहीतर केंद्रातून कार्ड नव्या नंबरावर करून घ्या. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी तर दोनदा तपासा. कार्डावर सासरचं आडनाव आणि पासपोर्टवर माहेरचं, हे प्रकरण आमच्याकडे येतंच. अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेले, साठीच्या पुढचे, गरोदर बायका यांनी केंद्रात स्वतःहून सांगायचं. लस जिवंत विषाणूची असते, लपवाछपवी करायची ही जागा नाही. लस न घेण्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र मिळतं, पण ते मानायचं की नाही हे पलीकडचा देश ठरवतो. कार्ड मूळच लागतं, मोबाइलमधला फोटो कामाचा नाही. ते पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवा. एकाने ते चेक-इनच्या बॅगेत टाकलं होतं. बॅग त्याच्या आधी किन्शासात उतरली, तो आरोग्याच्या टेबलापाशी उभा.

"तिथे उतरल्यावर मिळतो व्हिसा"

नाही मिळत. लोक ज्याला ऑन अरायव्हल म्हणतात तो 'व्हिसा व्होलाँ' असतो. तो तुमच्या यजमान कंपनीने आधीच किन्शासातल्या इमिग्रेशन खात्याकडून, ज्याला तिकडे डीजीएम म्हणतात, मंजूर करून घेतलेला असतो. मंजुरीचा कागद तुमच्याकडे नसेल तर मुंबईतच विमानात बसवत नाहीत. आणि तो मोजक्या दिवसांचा असतो. लांबचं काम असेल तर तिथे गेल्यावर त्याचं पुढच्या व्हिसात रूपांतर करावं लागतं, ते यजमान करतो की नाही हे निघण्याआधी लेखी विचारून घ्या. दूतावासाचा रस्ता वेळखाऊ आहे, पण मला विचाराल तर वेळ हाताशी असताना तोच बरा.

दूतावासाला 'प्रीज आँ शार्ज' लागतं, म्हणजे राहण्या-खाण्याची, परत पाठवण्याची जबाबदारी आमची असं यजमानाचं पत्र, तिथल्या सरकारी कचेरीतून प्रमाणित केलेलं. साध्या लेटरहेडवर 'वी इन्व्हाइट मिस्टर अमुक' लिहून आणलेल्या पत्राने काम होत नाही. या पत्रात नावाचा घोळ ठरलेला. काँगोतल्या माणसांच्या नावाचे तीन भाग असतात आणि तिकडच्या फॉर्मवर त्यासाठी तीन रकाने: नॉम, पोस्ट-नॉम, प्रेनॉम. आपल्याकडेही नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी तीन नावं. मग मराठी माणूस खूश होऊन वडिलांचं नाव मधल्या रकान्यात भरतो. पासपोर्टवर ते 'गिव्हन नेम'मध्ये तुमच्या नावाला जोडून असतं! म्हणून मी मधला रकाना कोरा ठेवायला लावते. आडनाव नॉममध्ये, आणि स्वतःचं नाव अधिक वडिलांचं नाव दोन्ही प्रेनॉममध्ये. यजमानाला पासपोर्टची प्रत पाठवताना त्यावर या ओळी लिहूनच पाठवते. नाहीतर तिकडचा कारकून तुमच्या वडिलांच्याच नावाने व्हिसा काढतो.

दुबईत राहणाऱ्यांनी सुट्टीवर आला आहात म्हणून दिल्लीतून व्हिसा काढायच्या फंदात पडू नये. राहत्या देशातून काढलेला नसेल तर प्रवेश नाकारल्याच्या गोष्टी घडल्या आहेत.

बाकीच्या किरकोळ, पण रडवणाऱ्या

पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक हवी आणि कोरी पानं हवीत. यावर मी अजून का बोलतेय मलाच कळत नाही.

स्वस्तात पडतं म्हणून मुंबई-नैरोबी एक तिकीट आणि नैरोबी-किन्शासा दुसरं, असं काढू नका. बॅग नैरोबीत उतरते, ती घ्यायला केनियात शिरावं लागतं, आणि त्यासाठी जानेवारी २०२४ पासून केनियाची ऑनलाइन परवानगी आधी घ्यावी लागते. एकच तिकीट काढा, बॅगेचा टॅग किन्शासापर्यंतचा आहे का ते काउंटरवरच वाचा.

गोमा आणि बुकावू ही पूर्वेकडची शहरं २०२५ च्या सुरुवातीला एम-२३ या बंडखोरांनी घेतली. व्हिसा अख्ख्या देशाचा असला तरी तिकडचं काम कोणी देऊ केलं तर 'नाही' म्हणायला शिका. तिकडचे गोरिला खुणावत असतील, तर ती हौस युगांडातही भागते.

डॉलर नवेकोरे न्या. कोपरा फाटलेली, पेनाची खूण असलेली, चुरगळलेली नोट तिथला दुकानदारही परत करतो. बँकेतून घेताना मी एकेक नोट उजेडात धरून बघते. मागे रांगेतले लोक वैतागतात, वैतागू देत. एक डॉलरच्या नोटांचं बंडल नेऊ नका, कोणी घेत नाही.

आणि परतीसाठी पन्नास डॉलर वेगळे काढून पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवा. त्याला गो-पास म्हणतात. आंतरराष्ट्रीय विमानाने देश सोडताना विमानतळावर भरायचा कर आहे हा, देशांतर्गत विमानाला दहा डॉलर. शेवटच्या रात्री सगळे डॉलर उडवून आलेला माणूस तिकीट हातात घेऊन तिथे उभ्या उभ्या ओळखीचा चेहरा शोधताना दिसतो. पावती घ्या आणि विमानात बसेपर्यंत टाकू नका, दारावर परत मागतात.