तळ्यातल्या वनस्पतीवरून रेडिओकार्बन वय काढताय? आधी हे तपासा

तळ्याच्या गाळाचा कोअर (नळी खुपसून काढलेला थरांचा उभा नमुना) काढलाय, त्यात काळपट पानांचे तुकडे दिसतायत आणि तेच उचलून लॅबला पाठवायचा विचार आहे, तर जरा थांबा. ते पान काठावरच्या झाडाचं आहे की पाण्यात बुडून वाढणाऱ्या वनस्पतीचं, हे आधी बघा. इथे गफलत झाली तर वय शेकडो वर्षांनी चुकतं, कधी हजारांनी.

झाडं हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात, त्यामुळे हवेत जेवढा सी-१४ (किरणोत्सर्गी कार्बन, तो जितका कमी उरलेला तितकं वय जास्त धरतात) तेवढाच त्यांच्यात. पण चुनखडीच्या भागातल्या तळ्याचं तसं नसतं. सी-१४ चं अर्धायुष्य ५७३० वर्षं आणि चुनखडी कोट्यवधी वर्षांची, म्हणजे तिच्यातला सी-१४ कधीच संपलेला. पावसाचं पाणी मुरताना ती विरघळते, हा मेलेला कार्बन बायकार्बोनेट होऊन तळ्यात येतो आणि पाण्याखालची वनस्पती त्यावरच वाढते. न्यूयॉर्क राज्यातल्या क्वीची तळ्यातल्या जिवंत वनस्पती मोजल्या तेव्हा त्यांचं वय जवळपास २००० वर्षं निघालं, हे १९५४ सालीच छापून आलंय, तरी आजही लोक तीच चूक करतात याचं खरंच वाईट वाटतं.

हिशोब लक्षात ठेवा. मेलेला कार्बन १ टक्का असेल तर वय साधारण ८० वर्षांनी जास्त येतं, ५ टक्के असेल तर ४१० आणि २० टक्के असेल तर जवळजवळ १८००.

तळं असं चुन्याच्या पाण्याचं आहे का हे कळायला कारा नावाची वनस्पती शोधा. हातात घेतली की खरखरीत लागते, चुरली की लसणासारखा उग्र वास येतो आणि वाळली की पांढरी पडते. तिच्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडचा एक थेंब टाका, फसफसलं की समजा अंगावर चुन्याचा थर आहे.

पण खरी टेस्ट म्हणजे एकाच सीझनमध्ये तीन सॅम्पल घ्यायचे: बुडालेली वनस्पती (हायड्रिला वगैरे), पाण्याबाहेर डोकं काढणारं पाणकणीस, आणि काठावरच्या झाडाचं त्याच वर्षीचं पान. पहिल्यावरचा चुना ॲसिडने पूर्ण काढूनच द्या. पाणकणसाची पानं हवेतून कार्बन घेतात म्हणून ती बहुतेक झाडाच्या पानाशी जुळतात, आणि बुडालेल्या वनस्पतीत सी-१४ जेवढा कमी तेवढी तुमच्या तळ्याची आजची चूक. तुलना मात्र त्याच वर्षीच्या पानाशीच करायची, कारण अणुचाचण्यांमुळे १९६३ च्या सुमारास हवेतला सी-१४ जवळपास दुप्पट झाला होता आणि तेव्हापासून तो दरवर्षी उतरत आलाय.

आता कोअरमधून काय उचलायचं? गाळ बारीक चाळणीतून धुवा आणि मायक्रोस्कोपखाली झाडाची पानं, बिया, बारीक काटक्या वेचा. जाड लाकूड टाळा, ते गाळात पडायच्या आधीच जुनं असू शकतं. एएमएसला (सी-१४ चे अणू थेट मोजणाऱ्या यंत्राला) साधारण १ मिलिग्रॅम कार्बन पुरतो, म्हणजे दोनचार पानांचे तुकडेसुद्धा चालतात. वेचलेलं पाण्यात आठवडेच्या आठवडे ठेवू नका, बुरशी चढते, ती आजचा कार्बन घेऊन येते आणि वय उलट कमी दिसतं, म्हणून लगेच वाळवून काचेच्या स्वच्छ बाटलीत भरा आणि कापूस-कागद आत घालू नका. तुकडा ओळखता येत नसेल तर सी-१३ चा आकडा (कार्बनच्या या स्थिर प्रकाराचं प्रमाण, ठरलेल्या मानकापेक्षा हजारी किती कमी-जास्त ते) थोडी मदत करतो, जमिनीवरची बहुतेक झाडं उणे २७ च्या आसपास असतात आणि बायकार्बोनेटवर वाढलेल्या पाणवनस्पती बऱ्याचदा त्यापेक्षा वर, म्हणजे शून्याच्या जवळ. पण ज्वारी, ऊस आणि बरीचशी गवतं उणे १२-१३ च्या आसपास असतात, त्यामुळे एवढ्यावरच निकाल लावू नका.

जमिनीवरचं काहीच सापडलं नाही आणि पाणवनस्पतीच मोजावी लागली, तर आजची चूक सरसकट सगळ्या थरांतून वजा करू नका. तळ्याची पातळी आणि झऱ्यांचं पाणी काळानुसार बदलतं तशी ही चूकही बदलते. निदान एकदोन थरांत पान आणि पाणवनस्पती दोन्ही सापडतायत का बघा, तिथे दोन्ही मोजा, आणि रिपोर्टमध्ये प्रत्येक वयासमोर सॅम्पल नेमका कशाचा होता ते लिहा.