सावडीचे तास वहीत कसे मांडावेत

दोन-तीन घरांची सावड, म्हणजे कामाच्या बदल्यात काम, तोंडी चालते. आज तुम्ही आमच्या आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, उद्या आम्ही तुमच्या. ती अडते तिसऱ्या घरापाशी. वरच्या आळीने खालच्या आळीत तीन दिवस राबून दिले, पण वरच्या आळीला हवाय कौलं चाळणारा, आणि तो राहतो भलत्याच घरात. हे देणं वाडीभर फिरतं करायचं असेल तर तासालाच चलन धरून वही ठेवावी लागते.

१२ ते २५ घरं घ्या. कमी असतील तर कामांत विविधता येत नाही, जास्त झाली की महिन्याचा हिशेब एका बैठकीत वाचून होत नाही. नियम ठरवण्याआधी प्रत्येक घराकडून तीन देता येणारी आणि तीन हवी असलेली कामं लिहून घ्या. सगळ्यांची गरज एकाच पंधरवड्यातली आवणी असेल, तर चक्र फिरणार नाही. यादीत लाकूडफाटा, गोठ्याची दुरुस्ती, पोरं सांभाळणं, धान्य निवडणं, म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात सोबत, बँकेचा अर्ज भरून देणं हेही यायला हवं. ज्यांना चिखलात उतरणं होत नाही, त्यांचं खातं याच कामांवर उभं राहतं.

एक तास म्हणजे एक तास, बाईचा असो की बाप्याचा. मजुरीत बाईला कमी देण्याची रीत वहीत आली, तर आवणीत सर्वांत जास्त वाकणाऱ्या बायकाच कर्जात दिसतील. यावर तडजोड करू नका. मोजणी अर्ध्या तासाची ठेवा. जेवणाची सुट्टी मोजू नका; चहा-जेवण काम करून घेणाऱ्या घराने द्यायचं, त्याचे तास कापायचे नाहीत. बैलजोडीचे तास तुमच्या सावडीत आधीपासून जसे धरतात तसेच धरा, पण पहिल्याच बैठकीत लिहून ठेवा. पॉवर टिलरचं डिझेल रुपयांत, चालवणाऱ्याचा वेळ तासांत.

वस्तू मात्र तासांत विकू नका. रॉबर्ट ओवेन यांनी १८३२मध्ये लंडनला श्रमाच्या तासांवर मालाची देवघेव करणारं भांडार काढलं होतं. बाजारापेक्षा स्वस्त पडणारा माल झटपट उचलला गेला, महाग पडणारा तसाच राहिला, आणि १८३४मध्ये ते बंद पडलं. अंडी, बियाणं, शेणखत यांचा व्यवहार रुपयांतच होऊ द्या.

नोटाही छापू नका. अमेरिकेतल्या इथाका गावात १९९१पासून तासांच्या छापील नोटा चालवल्या गेल्या, एका तासाला दहा डॉलर धरून. पण नोट कुणाच्या डब्यात साठून राहिली ते दिसत नाही, वहीत दिसतं. शिवाय धारकाला मागताच देय अशी वचनचिठ्ठी काढायला आपल्याकडे रिझर्व्ह बँक कायदा, १९३४च्या कलम ३१ने मनाई आहे. म्हणून नावाची खाती आणि त्यांच्यातली जमा-नावे (दिलेले तास जमा, घेतलेले नावे), एवढंच.

साहित्य दोनच: कार्बन लावायचं ५० पानी पावती पुस्तक आणि एक जाड खतावणी. काम संपलं की बांधावरच चिठ्ठी फाडा: «१२ जुलै. देणार घर ७, घेणार घर ३. आवणी. ८ ते १२, २ ते ५. तास ७.» खाली दोघांच्या सह्या किंवा अंगठे. एक प्रत देणाऱ्याकडे, कार्बनची पुस्तकात. खतावणीत घर ७ला ७ जमा, घर ३ला ७ नावे. सगळ्या घरांच्या बाक्यांची बेरीज नेहमी शून्यच यायला हवी. नाही आली तर एक बाजू लिहायची राहिली आहे. त्या महिन्याच्या प्रतींवर खुणा करत गेलात की सापडते. रात्री आठवून लिहिलेल्या चिठ्ठ्यांवरूनच बहुतेक भांडणं होतात.

वही लिहिणाऱ्यालाही तास द्या. २० घरं असतील तर दर महिन्याला प्रत्येकी पाव तास नावे टाका, त्याचे ५ तास लिहिणाऱ्याच्या घराला जमा.

एका घराच्या नावे किती तास चढू द्यायचे, ही मर्यादा ठरवताना सर्वांत जास्त चूक होते. एकरभर आवणीला आठ-दहा बायका लागतात. दिवसाचे सात तास धरले तर एकाच घरावर ५६ ते ७० तास चढतात. वर्षभर २४ची मर्यादा ठेवली तर वही जुलैतच मोडेल. म्हणून जून ते ऑगस्ट ७० तासांपर्यंत नावे चालू द्या, आणि दसऱ्याच्या बैठकीनंतर २४. ज्यांच्या नावे जास्त आहे त्यांनी भातकापणी आणि झोडणीत फेडायचं, आणि ४०च्या वर जमा असलेल्या घराला मदत मागण्याचा पहिला हक्क. कर्जदाराइतकीच काळजी या जमावाल्याची घ्या. तो लाजून काही मागत नाही, त्याचे तास पडून राहतात, आणि त्याच्याकडून घेतलेल्यांना फेडायला काम मिळत नाही. बैठकीत त्याला थेट विचारा: या महिन्यात तुमच्याकडे काय करायचं?

दर महिन्याच्या ठरलेल्या दिवशी सर्व बाक्या मोठ्याने वाचा. पैसे देऊन नावे बाकी मिटवू देऊ नका. एकदा रुपये आले की तासाला बाजारभाव लागतो आणि बाई-बाप्याचा फरक मागच्या दाराने परत येतो. एखादं घर साडेनऊ तास नावे ठेवून गाव सोडून गेलं तर उरलेल्या १९ घरांवर अर्धा-अर्धा तास वाटून ते खातं बंद करा. मयताच्या घराकडे बाकी मागायची नाही, तीही अशीच वाटा.

पाडव्याला नवी वही उघडून बाक्या पुढे ओढा, आणि जुनी वही व पावती पुस्तकं किमान एक आवणी होईपर्यंत जपून ठेवा.