पेटीवरून पियानोकडे वळताना या चुका टाळा

कुडाळ-मालवणकडे पियानो शिकायला येणाऱ्या बऱ्याच मुलांचा हात आधी भजनाच्या पेटीवर बसलेला असतो. ही मोठी शिदोरी आहे, पण त्यातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे शिकवणाऱ्याला कळलं पाहिजे.

म्हणून गुरू निवडताना नुसत्या परंपरेला भुलू नका. जर्मन संगीतकार बेथोव्हेनचा शिष्य चेर्नी, आणि चेर्नीकडे लिस्ट व लेशेटिट्स्की हे दोन मोठे पियानोवादकही शिकले. तिथपर्यंत नातं सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यापेक्षा त्या गुरूचे शिष्य ऐका. सगळे एकाच साच्यातले वाजत असतील तर दुसरं दार बघा. मॉस्कोत पियानोगुरू नॉयहाउस यांच्याकडे रिख्टर आणि गिलेल्स हे नामवंत पियानोवादक दोघे घडले, पण दोघांचं वादन किती निराळं!

सर्वांत जास्त त्रास होतो तो दाबण्याच्या सवयीचा. पेटीत बोट पट्टीवर आणि भात्यात हवा आहे तोवर सूर टिकतो. पियानोत हातोडी तारेवर आपटून लगेच मागे येते आणि सूर विरू लागतो. आवाज लहान की मोठा, हे पट्टी किती वेगाने खाली गेली त्यावर ठरतं. नंतर कितीही रेटलं तरी आवाज वाढत नाही, फक्त मनगट ताठ होतं. हाताचं वजन खांद्यापासून सैल सोडायला शिका. दुखत असेल तर त्या दिवशी थांबा. आणि डावा हात! तो इतकी वर्षं भाता मारत होता, त्याला रोज वेगळा वेळ द्या.

पांढरी एक, म्हणजे पियानोवरच्या C पासूनच सुरुवात करायची, हा हट्टही नको. पियानोचा मोठा संगीतकार शोपँ नवीन शिष्याचा हात पांढरी तीन, काळी तीन, काळी चार, काळी पाच, पांढरी सात (E, F♯, G♯, A♯, B) असा ठेवायचा. लांब बोटं काळ्यांवर, आखूड बोटं पांढऱ्यांवर. हात आपोआप नीट बसतो. काळी एक (C♯) सा धरून भजनीबुवांची साथ केलेल्या मुलाला हे पटकन जमतं.

गाणं मात्र सोडू नका. वाजवायचं तर गायला हवं, असं शोपँ शिष्यांना सांगायचा. अभंगात बुवा श्वास कुठे घेतात हे ज्याच्या कानात आहे, त्याने पियानोवरची ओळ आधी गाऊन बघावी, मगच बोटं ठेवावीत.

पावसाळ्यात पट्टी अडकू लागली तर बोटांना दोष देऊ नका. दमट हवेत लाकूड फुगतं. आधी पियानो दुरुस्त करणाऱ्याला दाखवा. नवा डिजिटल पियानो घेणार असाल तर ८८ पट्ट्यांचा, पट्ट्यांना हातोडीच्या पियानोसारखं वजन असलेलाच घ्या.