आयरिश लोकगीतं सहकुटुंब गायचीत? मग या चुका टाळा

मार्च जवळ आला की मला तोच मेसेज वेगवेगळ्या लोकांकडून येतो. "सेंट पॅट्रिक्स डेला मुलांपुढे म्हणायला दहा आयरिश गाणी सांग ना, पटकन." हा 17 मार्चचा आयरिश सण. निम्मे घोटाळे त्या 'पटकन'मुळेच होतात. मी आयर्लंडमधल्या कॉर्क शहराजवळच्या एका गावात राहते आणि सहा जणांच्या हौशी बँडमध्ये बौरॉन वाजवते. बौरॉन म्हणजे लाकडी चौकटीवर बकऱ्याचं कातडं ताणलेलं, आपल्या डफाच्या जातकुळीतलं वाद्य. नवे बँड दरवर्षी त्याच खड्ड्यात पडताना पाहून कंटाळले, म्हणून हे लिहायला घेतलं.

पहिलं कडवं ऐकून गाणं ठरवणं

ही चूक मी स्वतः केली आहे, तेव्हा हिच्यावर हक्काने बोलते.

'वीला वीला वॉलिया' नावाचं एक गाणं आहे. चाल उड्या मारणारी, ध्रुवपद इतकं सोपं की तीन वर्षांचं पोरही दुसऱ्या फेरीला म्हणू लागतं. मी ते गाडीत ऐकलं. जंगलात एक म्हातारी राहत होती, अशी सुरुवात. मला वाटलं, ही तर आपल्या 'चल रे भोपळ्या टुणुक टुणुक'मधल्या म्हातारीची बहीण! पुढचं ऐकायच्या आत सिग्नल सुटला, फोन वाजला आणि गाणं माझ्या यादीत जाऊन बसलं.

कार्यक्रम एका वाचनालयात होता. समोर सतरंजीवर चार ते नऊ वर्षांची पंचवीसएक मुलं, मागे खुर्च्यांवर आईबाप आणि आज्या. पहिल्या कडव्याला टाळ्या. दुसऱ्यात म्हातारीला तीन महिन्यांचं बाळ असल्याचं कळतं, तिथेही टाळ्या. मग येतो चाकू. लांब, धारदार. त्याच्या पुढच्या कडव्यात तो चाकू बाळाच्या काळजात जातो, आणि पंचवीस पोरं आनंदाने किंचाळत ध्रुवपद म्हणतात. माझी एक मराठी मैत्रीण पाच वर्षांच्या लेकीला घेऊन आली होती. तिने लेकीचे कान झाकले आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी बौरॉनमागे तोंड लपवलं. गाण्यात अजून पोलीस यायचे होते, शेवटी फाशीही होती. आमच्या अकॉर्डियनवाल्याने शब्द तोडून नुसती चाल धरली, म्हणून सुटलो.

गंमत म्हणजे मागे बसलेली एक स्थानिक आजी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होती. नंतर म्हणाली, "आम्ही याच गाण्यावर दोरीवरच्या उड्या मारायचो." तिचंही खरंच होतं. हे गाणं म्हणजे 'क्रूर आई' या जुन्या पोवाड्यासारख्या कथागीताचं शाळेच्या पटांगणात वाढलेलं रूप. फ्रान्सिस चाइल्ड या अमेरिकन अभ्यासकाने 1882 ते 1898 या काळात छापलेल्या 305 कथागीतांच्या संग्रहात मूळ गाण्याचा क्रमांक 20 आहे. ज्यांनी ते लहानपणी खेळताना म्हटलं, त्यांच्या कानावर त्यातला चाकू पडतच नाही. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला मात्र चाकूशिवाय दुसरं काही ऐकू येत नाही. एकाच खोलीत हे दोन्ही लोक बसलेले असतात, आणि 'सहकुटुंब' या शब्दाचा अर्थ दोघांसाठी वेगळा असतो.

तेव्हापासूनची माझी सवय सांगते. गाणं यादीत घेण्याआधी मी त्याचे शब्द वहीत स्वतःच्या हाताने उतरवते, आणि शेवटच्या कडव्यापासून सुरुवात करते. आयरिश कथागीतात सगळा माल शेवटी असतो. मढं, भूत, तुरुंग, दगाबाजी, जे काही असेल ते तिथेच सापडतं. नव्या मंडळींना वहीचा आळस येतो. मग फोनवरून वाचत गातात, आणि चौथ्या कडव्याला त्यांचे डोळे मोठे होतात. प्रेक्षकांचे त्याआधीच झालेले असतात.

शेवटी मढं निघालं म्हणून गाणं बाद, असंही माझं म्हणणं नाही. 'मॉली मलोन' तापाने मरते आणि तिचं भूत डब्लिनच्या गल्ल्यांतून हातगाडी ढकलत शिंपल्या विकतं. मुलांना हे भूत फार आवडतं. ते मी ठेवते.

नावावर जाणं

'द कुकूज नेस्ट' हे पक्ष्याच्या घरट्याचं बालगीत नाही. चाल वाजवा, चावट शब्द घरी ठेवा.

'द फॉगी ड्यू' नावाची निदान दोन गाणी आहेत. एक ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या 1916 च्या ईस्टर उठावावरचं, गंभीर आणि सुंदर. दुसरं इंग्लंडकडचं, त्यात एक विणकर एका मुलीला धुक्याचं निमित्त करून जवळ घेतो. गायकाला नुसतं नाव सांगून मोकळे झालात, तर तो कुठलं पाठ करून येईल याचा भरवसा नाही.

दारूचं नाव आलं की गाणं कापणं

यावर माझं नेहमी भांडण होतं. 'द वाइल्ड रोव्हर'मध्ये दारूचा गुत्ता आहे, म्हणून लोक ते काढून टाकतात. अहो, त्याची गोष्ट तरी ऐका! आयुष्यभर पैसे उडवलेला माणूस खिसा भरून परत येतो, पुन्हा असं करणार नाही म्हणतो, आणि आईबापाकडे माफी मागायला घरी जातो. याहून संस्कारी गाणं आणायचं कुठून? शिवाय ध्रुवपदातल्या चार टाळ्या मुलं कधी चुकवत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे दारूच्या जागी लिंबूपाणी घालून गाणं 'स्वच्छ' करणारे. तसं करू नका. गाणं पटत नसेल तर सोडून द्या, गाणी काही कमी नाहीत.

उलट 'सेव्हन ड्रंकन नाइट्स' मी मुलांपुढे घेत नाही, आणि त्याचं कारण दारू नाही. दारुडा नवरा रोज रात्री घरी येतो, त्याला दुसऱ्याचा घोडा, दुसऱ्याचा कोट दिसतो, आणि बायको रोज नवी थाप मारते. 'द डब्लिनर्स' या आयरिश बँडने 1967 मध्ये ते गायलं तेव्हा सातपैकी पाचच रात्री म्हटल्या, तरी आयर्लंडच्या सरकारी रेडिओने ते लावायला नकार दिला. ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत मात्र ते सातव्या क्रमांकापर्यंत गेलं. आज मोठी माणसं हसतात, पण एखादं चुणचुणीत पोर मोठ्याने विचारतंच, "मग तो माणूस होता कोण?" तुमच्याकडे उत्तर असेल तर खुशाल गा.

जुनं वाटलं की 'पारंपरिक' लिहून टाकणं

कार्यक्रमपत्रिकेवर 'पारंपरिक' हा शब्द मिठासारखा भुरभुरतात लोक. 'द फील्ड्स ऑफ अ‍ॅथनराय' दुष्काळावरचं आहे, स्टेडियमभर हजारो लोक गातात, म्हणून ते दोनशे वर्षांचं वाटतं. ते पीट सेंट जॉन यांनी 1970 च्या दशकात लिहिलं. ते 2022 मध्ये वारले, म्हणजे आयर्लंडच्या कायद्याप्रमाणे हक्क पुढची सत्तर वर्षं शाबूत. 'डर्टी ओल्ड टाउन' तर आयरिशही नाही. ते इवन मॅकॉलने इंग्लंडमधल्या सॅलफर्डवर लिहिलं. 'टू रा लू रा लू रल' ही 'आयरिश अंगाई' 1913 सालची अमेरिकन. 'डॅनी बॉय'ची चाल उत्तर आयर्लंडमधल्या लिमावाडीची, पण शब्द फ्रेडरिक वेदरली या इंग्रज वकिलाचे.

गाऊ नका असं मी म्हणत नाही. लेखकाचं नाव छापा आणि हॉलवाल्याला इम्रोचा परवाना आहे का ते आधी विचारा. इम्रो ही इथली गीतकार-संगीतकारांच्या हक्कांची संस्था. बहुतेक ठिकाणी परवाना असतो. नसला तर तुमची यादी खरोखरीच्या पारंपरिक गाण्यांचीच हवी.

सीमेचं भान नसणं

ब्रिटिशांविरुद्धच्या बंडाची गाणी कॉर्कच्या पबमध्ये चालतात. तीच सीमेपलीकडे, ब्रिटनचा भाग असलेल्या उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टच्या कॅथलिक-प्रोटेस्टंट मिश्र वस्तीतल्या शाळेत आगीत तेल ओततात. 'ओरो शे दो वाहा वाल्या' इथल्या शाळांत मुलं शिकतात, पण ते रूप 1916 च्या उठावानंतर फाशी नव्हे, गोळ्या घालून मारलेल्या पॅट्रिक पिअर्सने घडवलेलं आहे. हे माहीत असू द्या, मग ठरवा.

स्पेलिंगवरून आयरिश उच्चार करणं

'बॉजीन एलिमी' हे फेलिमीच्या होडीचं, आयर्लंडच्या वायव्येतल्या डोनेगॉलकडचं गाणं मुलांसाठी सोन्यासारखं आहे. होडी गोला बेटावर जाते, टोरी बेटावर जाते आणि टोरीला फुटते. नावात एफ लिहिलेला दिसतो, पण त्याच्यामागे एच आला की तो एफ मुका होतो. मी भर कार्यक्रमात 'फेलिमी' म्हटलं. पहिल्या रांगेतल्या आठ वर्षांच्या मुलीने हात वर केला, गाणं थांबवायला लावलं आणि तीनदा म्हणवून घेतलं. ते गाणं तिने शाळेत पाठ केलं होतं. आता नवीन आयरिश गाणं आलं की शेजारच्या एखाद्या पोराला बिस्किट देऊन आधी शिकवणी घेते.

वाजवणाऱ्यांच्या सोयीने यादी लावणं

'रॉकी रोड टू डब्लिन' बँडला वाजवायला आवडतं, कारण त्यात रुबाब आहे. पण ते नऊ मात्रांत चालतं, शब्द गोळीबारासारखे येतात आणि टाळ्या दुसऱ्याच ओळीला विस्कटतात. साधा जिग, म्हणजे आयरिश नाचाची चाल, सहा मात्रांचा असतो. दादरा अंगात असलेल्या मराठी माणसाला तो लगेच सापडतो, तिथून सुरुवात करा. 'डॅनी बॉय'ची चाल दीड सप्तकाच्या आसपास फिरते, तेव्हा ते सगळ्यांनी मिळून म्हणायचं गाणंच नव्हे. एकाने गावं, बाकीच्यांनी रडावं. आणि ताटातुटीची गाणी लागोपाठ तीन नकोत. मुलं चुळबुळतात आणि आज्या पर्समध्ये रुमाल शोधतात.

माझी सुरुवात ठरलेली: 'आय विल टेल मी मा'. बेलफास्टच्या गल्लीतलं, मुलांनीच मुलांसाठी जपलेलं. शेवटही ठरलेला: 'द रॅटलिन बॉग'. दलदलीत झाड, झाडाला फांदी, फांदीला डहाळी, डहाळीवर घरटं, घरट्यात अंडं, अशी साखळी वाढत जाते आणि दर फेरीला वेग चढतो. नवे बँड इथे हमखास आपटतात, कारण पहिलीच फेरी सुसाट घेतात आणि घरट्यापर्यंत पोचेस्तोवर दम संपतो. आम्ही इतकी हळू सुरुवात करतो की अकॉर्डियनवाला मुद्दाम जांभई देतो. पिलाच्या पिसावर पिसू आली की थांबायचं. एका वर्षी आमच्या बँजोवाल्याने उत्साहाच्या भरात पिसूच्या पाठीवर एक जंतू, जंतूच्या डोक्यावर टोपी आणि टोपीत एक झाड घातलं. गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं, आणि वाचनालय बंद करायची वेळ टळून वीस मिनिटं झाली होती.