एकच मूल, चार म्हातारे: पन्नाशीत मांडायचा हिशोब

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, महाराष्ट्राचा जननदर, म्हणजे एका बाईला सरासरी होणारी मुले, 1.7 निघाला आणि गोव्याचा 1.3. लोकसंख्या आहे तेवढी टिकायला तो 2.1 लागतो. घरापुरता याचा अर्थ साधा आहे. एकुलत्या मुलाचे एकुलत्या मुलीशी लग्न झाले की दोन पगारांवर चार म्हातारे येतात. म्हणून मुलाचा पगार जमेच्या बाजूला शून्य धरायचा आणि मगच म्हातारपणाच्या खर्चाची आकडेमोड करायची.

आधी वर्षे मोजा. बहुतेक जण नवऱ्याच्या निवृत्तीपासून ऐंशीपर्यंत मोजतात आणि तिथेच चुकतात. दोघांत जो वयाने लहान, त्याच्या नव्वदीपर्यंत मोजा. नवरा 60 चा आणि बायको 57 ची असेल तर 33 वर्षे. एक माणूस गेल्यावर खर्च निम्मा होत नाही. सोसायटीचा मेन्टेनन्स, वीज, कामवाली तीच राहते, म्हणून दोन तृतीयांश तरी धरा.

आता रक्कम. आज वय 50 आणि घरखर्च महिना 50,000 असेल, तर 6 टक्के महागाईने साठीला तो 89,500 होतो. वर्षाचे झाले साधारण 10.74 लाख. निवृत्तीनंतर कर वजा जाता परतावा महागाईइतकाच मिळेल असे धरले, तर 33 वर्षांना 3.54 कोटी लागतात. आकडा पाहून छातीत धस्स होते, पण यातून पीएफ, ग्रॅच्युइटी आणि आतापर्यंतची शिल्लक वजा करायची आहे. राहतो ते घर मात्र यात धरू नका. ते विकून राहणार कुठे?

खासगी नोकरी असेल तर ईपीएसच्या (पीएफसोबतच्या कर्मचारी पेन्शन योजनेच्या) पेन्शनवर फार भिस्त ठेवू नका. सूत्र असे: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षे भागिले 70. वाढीव पेन्शनचा पर्याय घेतला नसेल तर पगार 15,000 च्या वर धरला जात नाही. 35 वर्षांच्या सेवेला येतात 7,500. सप्टेंबर 2014 पूर्वीच्या सेवेला मर्यादा 6,500 होती, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून कमीच हाती पडतात. महागाई भत्ता नाही आणि पश्चात जोडीदाराला साधारण निम्मे.

साठीनंतर पहिला थांबा पोस्टातली किंवा बँकेतली ज्येष्ठ नागरिक बचत योजना. एका व्यक्तीला 30 लाखांची मर्यादा, एप्रिल 2023 पासून दर 8.2 टक्के. नवा दर तिमाहीला जाहीर होतो, पण खाते उघडले की 5 वर्षे तोच कायम. 30 लाखांवर तिमाहीला 61,500, म्हणजे महिना 20,500 पडतात. वर्षाच्या आत मोडले तर व्याज मिळत नाही, दुसऱ्या वर्षी मोडले तर मुद्दलातून दीड टक्का जातो आणि त्यानंतर एक. अडचण वेगळीच आहे: हे 20,500 वाढत नाहीत. 6 टक्के महागाईत 12 वर्षांनी त्यांची किंमत निम्मी उरते. सगळी पुंजी व्याजावर लावणाऱ्यांची सत्तरीनंतर ओढाताण होते ती यामुळेच.

म्हणून साठीलाही 30 ते 40 टक्के रक्कम शेअर बाजारात, साध्या इंडेक्स फंडात (निर्देशांकातले सगळे शेअर घेणाऱ्या म्युच्युअल फंडात) असू द्या. मात्र तीन वर्षांचा खर्च एफडी किंवा लिक्विड फंडात (अल्पमुदतीच्या कर्जरोख्यांत पैसे ठेवणाऱ्या फंडात) बाजूला ठेवा. निवृत्तीच्या पहिल्या दोन वर्षांतच बाजार 30 टक्के पडला आणि त्याच काळात फंडाची युनिट विकून घर चालवावे लागले, तर नंतरच्या तेजीत वाढायला युनिटच शिल्लक राहत नाहीत. जपानच्या शेअर बाजाराचा निर्देशांक निक्केई, त्याला 1989 च्या अखेरीची पातळी ओलांडायला 2024 चा फेब्रुवारी उजाडला. त्यामागे आधी भावांचा फुगा होता आणि मग म्हातारी होत गेलेली लोकसंख्या, पण एकाच देशाच्या बाजारावर सगळे लावू नये एवढे त्यातून नक्की कळते. ‘म्हाताऱ्यांची संख्या वाढणार, म्हणून हॉस्पिटलचे शेअर घ्या’ हा सल्ला सोडून द्या. जे सगळ्यांना दिसते ते भावात आधीच आलेले असते.

सर्वांत जास्त पैसा अडकतो तो दुसऱ्या घरात. फ्लॅट 90 लाखांचा, भाडे 22,000. वर्षाचे 2,64,000. त्यातून एक रिकामा महिना 22,000, मेन्टेनन्स 42,000, घरपट्टी 12,000 आणि दुरुस्ती 20,000 वजा करा. राहिले 1,68,000, म्हणजे 1.9 टक्केही नाही. बाकीची सगळी आशा भाव वाढण्यावर, आणि तुम्ही पंचाहत्तरीत विकायला काढाल तेव्हा घेणारी पिढी संख्येने लहान असेल. 2023 च्या पाहणीत जपानमध्ये 90 लाख घरे रिकामी होती. आपल्याकडे रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाची लोकसंख्या 2001 ते 2011 मध्ये घटलीच आहे, आणि तिथली कुलुपबंद घरे गणपतीपुरती उघडतात. सातबाऱ्यावर चुलत्यांची नावे असली तर विकायचे म्हटले तरी सगळ्यांच्या सह्या गोळा कराव्या लागतात. ती जुळवाजुळव धडधाकट असतानाच करा. विकायचे तर साठीच्या आत. ठेवायचे तर लिफ्ट असलेले आणि हॉस्पिटलपासून जवळचे ठेवा.

आरोग्य विमा पन्नाशीतच घ्या, कारण आधीच्या आजारांना 3 वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. सत्तरीनंतर आयुष्मान वय वंदना कार्डावर 5 लाखांचे संरक्षण मिळते, उत्पन्नाची अट नाही, पण योजनेतल्या हॉस्पिटलांतच आणि दाखल झाल्यावरच. घरी सेवेला ब्युरोतून येणाऱ्या मावशीचा पगार त्यात बसत नाही. खरा खड्डा तोच आहे, कारण तरुण हात कमी झाले की त्यांचा दर भाजीपाल्याच्या भावापेक्षा वेगाने चढतो. तुमच्या भागातला दर विचारा. महिना 25,000 असेल तर माणशी 36 महिन्यांचे आजच्या भावाने 9 लाख, दोघांचे 18 लाख. हे वरच्या 3.54 कोटींत मिळवू नका, वेगळ्या खात्यात ठेवा, आणि महागाई 6 ऐवजी 9 टक्के धरा.

शेवटी कागद. घर मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करायचे असेल तर ‘मरेपर्यंत सांभाळ करील’ ही अट दस्तातच लिहून घ्या. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली दस्त रद्द करून घेताना न्यायाधिकरण ती अटच शोधते. त्याहून बरे म्हणजे मृत्युपत्र करा. दोन साक्षीदार पुरतात, नोंदणी सक्तीची नाही, आणि मन बदलले तर नवे करता येते.