फ्री मोशन क्विल्टिंगचा ऑनलाइन क्लास निवडताना आधी उलटी बाजू बघा

फ्री मोशन क्विल्टिंग म्हणजे मशीनच्या सुईखाली कापड हाताने हवं तसं फिरवत गोधडीवर नक्षी शिवणं. मशीनवर सरळ शिलाई जमते हे धरून चालते. डार्निंग फूट (कापड मोकळं फिरू देणारा मशीनचा पाय), ९०/१४ ची सुई आणि सरावाला १० इंची चौकोन पुरेत. कापड कोल्हापूरजवळच्या गांधीनगरातून साधं सुती आणा.

क्लास घरगुती मशीनवरचाच घ्या. लाँगआर्म या मोठ्या क्विल्टिंग मशीनवर कापड फ्रेमला ताणलेलं असतं आणि मशीन फिरते. आपल्याकडे मशीन जागेवर आणि कापड आपल्या हातात. तो क्लास कितीही सुंदर असला तरी आपल्या उपयोगाचा नाही.

खरी फसगत होते ती डेमो बघताना. पिसांची नक्षी बघून मी एका क्लासला पैसे भरले. घरी वरून टाके बरे दिसायचे, कापड उलटलं की खाली दोऱ्याचा नुसता गुंता. आठ दिवस मी दोऱ्याच्या टेन्शनची, म्हणजे ताणाची चकती फिरवत बसले. चूक वेगळीच होती. डार्निंग फूट कापडाच्या किंचित वर तरंगतो, त्यामुळे फूट वरखाली करायची दांडी खाली केली नाही तरी केल्यासारखी वाटते. दांडी वर असली की वरच्या दोऱ्याला टेन्शनच मिळत नाही. त्या बाईंनी सगळ्या धड्यांत एकदाही कापड उलटून दाखवलं नव्हतं.

म्हणून फुकटचा धडा आवाज बंद करून बघा. सुई आणि दोन्ही हात एकाच चौकटीत दिसतात का? टाके घालून झाल्यावर कापड उलटतात का? वळणावर हात जोरात ओढले की मागे पापण्यांसारखे फाटे येतात. ते मुद्दाम करून दाखवणारी शिक्षिका मला सगळ्यांत भरवशाची वाटते. कापड पुढे सरकवणारे दाते खाली जात नाहीत अशा जुन्या मशीनसाठी टाक्याची लांबी शून्यावर ठेवायला सांगत असेल, तर तिने आपल्यासारख्यांना शिकवलंय असं समजा.

आपल्याकडे वाकळ शिवणाऱ्या बायका टाका हाताने मोजतात. इथे टाक्याची लांबी हात आणि पेडल यांच्या मेळावर ठरते. तो मेळ नुसतं बघून येत नाही, म्हणून नमुना तपासून देणारा क्लासच घ्या.

थेट वर्ग न्यूयॉर्कच्या सकाळी १० चा असेल तर इथे संध्याकाळचे ७:३० वाजतात, त्यांच्या हिवाळ्यात ८:३०. स्वयंपाकाची वेळ ती. रेकॉर्डिंग मिळणार नसेल तर सोडा.

पैसे भरण्याआधी आपल्या तुकड्याचे दोन्ही बाजूंचे फोटो पाठवून बघा. ‘सराव करा, जमेल’ एवढंच उत्तर आलं, तर दुसरा क्लास शोधा.